डोमेन मॉडेलच्या एडिटर्सची तुलना करायचीय? मग फीचर्सचा तक्ता बाजूला ठेवा आणि हे वाचा

टीममध्ये कधी ना कधी हा वाद होतोच की डोमेन मॉडेल (आपल्या कामाच्या क्षेत्रातल्या, म्हणजे डोमेनमधल्या, गोष्टी आणि त्यांचे संबंध यांची मांडणी) नक्की कशात काढायचं. एक जण म्हणतो प्लांटयूएमएल (टेक्स्ट लिहून आकृती बनवणारं टूल), दुसरा म्हणतो छे, माऊसने ओढून काढता आलं पाहिजे, तिसऱ्याकडे कुठल्यातरी मोठ्या टूलचं लायसन्स आधीपासूनच पडून असतं, मग कोणीतरी फीचर्सचा तक्ता बनवतं आणि त्यात सगळ्या टूल्ससमोर सगळीकडे बरोबरच्या खुणा येतात. झालं, वाद जिथे होता तिथेच.

कारण साधं आहे, क्लास (एका गोष्टीचा डबा) काढता येतो का, रिलेशन (दोन डब्यांमधली रेघ) जोडता येतं का, एक्सपोर्ट होतं का, या सगळ्याचं उत्तर सगळीकडे हो असंच येतं. ते करताना माणसाचा किती वेळ जातो, किती चुका होतात आणि किती वैताग येतो हे तक्त्यात दिसत नाही. ते बघायचं असेल तर माणसांना बसवून काम करायला लावावं लागतं, आणि ते वाटतं तेवढं अवघड नाहीये, फक्त काही ठिकाणी हमखास पाय घसरतो. ती ठिकाणं सांगण्यासाठीच हा लेख.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: नवीन मॉडेल काढताना जवळपास सगळेच एडिटर बरे वाटतात. खरा फरक दिसतो आधीचं मॉडेल बदलताना. डोमेन मॉडेल एकदा काढून भिंतीवर लावायची गोष्ट नाही, ते दर आठवड्याला बदलतं, म्हणून तुलना बदलांची करा.

आधी काय काय जमवायचं

- दोन एडिटर, फार तर तीन. व्हर्जन नंबर लिहून ठेवा आणि अभ्यास संपेपर्यंत अपडेट बंद ठेवा.
- डोमेनची गोष्ट साध्या भाषेत लिहिलेलं एकेक पान, अशी दोन वेगवेगळी डोमेन (दोन का ते पुढे येईलच).
- प्रत्येक एडिटरच्या फॉरमॅटमध्ये आधीच तयार केलेलं सुरुवातीचं मॉडेल.
- उत्तरपत्रिका, म्हणजे बरोबर मॉडेलमध्ये कोणते क्लास, कोणते अ‍ॅट्रिब्यूट, कोणती रिलेशन असली पाहिजेत त्याची यादी. अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे क्लासमधली एकेक माहिती, जसं पुस्तकाचं नाव.
- स्क्रीन रेकॉर्डर. ओबीएस स्टुडिओ फुकट आहे आणि पुरतो.
- एसयूएस प्रश्नावली (टूल वापरून समाधान किती वाटलं ते विचारणारी, पुढे येईल), संमतीपत्र, एक स्प्रेडशीट.
- विकतचं टूल असेल तर ट्रायल कधी संपते ती तारीख. भाग घेणाऱ्यांच्या वेळा जुळवता जुळवता ट्रायल संपून जाते, हे फार कॉमन आहे.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

"कोणता एडिटर चांगला" हा प्रश्नच नाहीये. कोणासाठी, कशासाठी, कशाच्या तुलनेत हे तिन्ही त्यात आले पाहिजे. उदाहरणार्थ: "यूएमएल शिकलेला पण हे टूल न वापरलेला डेव्हलपर, पंधरा-वीस क्लासचं मॉडेल बदलताना, मर्मेडमध्ये कमी चुका करतो की पॅपिरसमध्ये?" हे मोजता येतं. (यूएमएल म्हणजे अशी मॉडेल्स काढायची प्रमाण चिन्हभाषा; मर्मेड आणि पॅपिरस या एडिटरांची ओळख पुढच्याच भागात.)

वापरसुलभतेची व्याख्या स्वतः बनवत बसू नका, आयएसओ ९२४१-११ या मानकात ती आहे, २०१८ मध्ये ते सुधारलेलंही आहे. त्यात तीन गोष्टी बघतात: काम बरोबर झालं का, ते करायला किती खर्च आला, म्हणजे वेळ-मेहनत वगैरे, आणि करणाऱ्याला समाधान वाटलं का. आणि हे सगळं ठराविक लोक, ठराविक काम, ठराविक परिस्थिती धरून. तुमचं वाक्य या चौकटीत बसत नसेल तर अजून घासा.

इथे अजून एक ठरवा: मॉडेल लिहिणाऱ्याची सोय बघायचीय की वाचणाऱ्याची? डोमेन एक्सपर्ट, म्हणजे ज्याला धंदा कळतो पण कोड नाही, तो बहुतेक वेळा मॉडेल फक्त वाचतो. लिहायला टेक्स्ट एडिटर झकास असेल पण त्यातून निघालेली आकृती बघून तो माणूस गोंधळत असेल तर ते वेगळं मोजावं लागेल. दोन्ही एकाच आकड्यात कोंबू नका.

२. एडिटरच्या जाती ओळखा

एका जातीचा एक असे एडिटर घेतले तर निकालातून काहीतरी शिकायला मिळतं. सारखेच दोन घेतले तर फक्त बटणं कुठे आहेत याची तुलना होते (कधीकधी तेच हवं असतं, तेही ठीक).

टेक्स्टवाले: प्लांटयूएमएल, मर्मेड. तुम्ही लिहिता, आकृती आपोआप बनते. गिटमध्ये (फायलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) फरक स्वच्छ दिसतो, आणि मर्मेड तर २०२२ पासून गिटहबवर थेट दिसतो. पण डबे कुठे बसणार ते तुमच्या हातात नसतं, प्लांटयूएमएल क्लास डायग्रामची मांडणी ग्राफविझ नावाच्या प्रोग्रॅमकडून करून घेतो, तुम्ही फक्त वर-खाली-डावीकडे असे इशारे देऊ शकता. आणि एक मोठी मेख: रिलेशन लिहिताना क्लासच्या नावात टायपो झाला तर दोघेही तक्रार न करता त्या चुकीच्या नावाचा नवा क्लास बनवून मोकळे होतात. म्हणजे माणूस पटकन काम संपवतो आणि मॉडेल चुकलेलं असतं.

आकृतीवाले: पॅपिरस, स्टारयूएमएल, एंटरप्राइज आर्किटेक्ट, व्हिज्युअल पॅराडाइम. यांच्यामागे खरं मॉडेल असतं आणि आकृती ही त्याची एक खिडकी. नवख्याला हेच कळत नाही. डिलीट दाबलं की डबा आकृतीतून जातो पण मॉडेलमध्ये तसाच राहतो, किंवा उलट, कोणती डिलीट वापरली त्यावर ते अवलंबून. यावर एक टास्क ठेवाच ठेवा.

झाडवाले: ईएमएफ या एक्लिप्सच्या मॉडेलिंग साधनपेटीतला साधा इकोर एडिटर (इकोर ही तिची मॉडेल लिहायची पद्धत). डावीकडे झाड, आणि प्रत्येक गोष्टीची माहिती वेगळ्या प्रॉपर्टीज खिडकीत. दिसायला रुक्ष, पण चूक करायला जागा कमी. आकृती हवी असेल तर त्याच मॉडेलवर इकोरटूल्स चालतं, ते सिरियस या आकृती-एडिटर बनवायच्या साधनावर बनलेलं आहे.

मिश्र: अंपल, ओटावा विद्यापीठात बनलेलं. एकीकडे टेक्स्ट आणि शेजारी आकृती, कुठेही बदल करा, दुसरीकडे उमटतो. ब्राउझरमध्येच चालतं त्यामुळे अभ्यासासाठी इन्स्टॉलची कटकट नाही.

प्रोजेक्शनल: जेटब्रेन्स एमपीएस. दिसतं टेक्स्टसारखं पण तुम्ही अक्षरं टाइप करत नसता, आतलं झाडच बदलत असता. साध्या टेक्स्टची सवय असलेला माणूस यात सुरुवातीला अडखळतो, सिलेक्शन आणि कॉपी-पेस्ट वेगळं वागतं. याला घेतलंत तर सरावाला जास्त वेळ द्या नाहीतर तुम्ही टूल नाही, सवय मोजाल.

आणि ड्रॉ डॉट आयओ? तो मॉडेल एडिटर नाहीच, चित्र काढायचं साधन आहे, त्यातल्या डब्याला आपण क्लास आहोत हे माहीतच नसतं. तरी तुलनेत तळाची पट्टी म्हणून ठेवायला हरकत नाही, कारण प्रत्यक्षात लोक तेच वापरतात आणि तुमचं महागडं टूल निदान त्याच्यापेक्षा तरी बरं आहे का ते कळतं.

३. डोमेन निवडा

सगळ्यांना माहीत असलेलं, पण अगदी पाठ नसलेलं डोमेन घ्या. मी उदाहरणासाठी वाचनालय धरते: सभासद, पुस्तक, प्रत, देवघेव, आरक्षण. पुस्तक आणि प्रत वेगळी, हा फरक गोष्टीत स्पष्ट लिहा, कारण तुम्हाला एडिटर तपासायचाय, माणसाचं विश्लेषण कौशल्य नाही. गोष्टीत संदिग्धता ठेवली तर लोक विचार करण्यात वेळ घालवतात आणि तो वेळ बिचाऱ्या एडिटरच्या नावावर जमा होतो.

दुसरं डोमेन तेवढंच अवघड पाहिजे: क्लास तितकेच, रिलेशन तितकीच, एक वारसा (एक क्लास दुसऱ्याचा प्रकार असणं), एक अनेक-ते-अनेक रिलेशन. उदाहरणार्थ दवाखान्याच्या अपॉइंटमेंट. दोन्ही पानं शेजारी ठेवून मोजून बघा.

४. टास्क लिहा, सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

सगळा अभ्यास टास्कवर उभा असतो. मी सुचवेन तो संच असा, वाचनालय धरून:

पहिली टास्क कोऱ्या पानावरून चार क्लास काढायची. ही फक्त हात बसण्यासाठी आहे, हिच्या आकड्यांना फार भाव देऊ नका.

दुसरी, नाव बदलणं. तयार मॉडेलमध्ये "बुक" या क्लासचं नाव "टायटल" करा. टेक्स्टमध्ये शोधा-आणि-बदला केलं की शेजारचा "बुकिंग" क्लास पण "टायटलिंग" होतो, आणि किती जणांच्या ते लक्षात येतं ते बघण्यासारखं असतं. मागे खरं मॉडेल असलेल्या एडिटरमध्ये एका ठिकाणी बदललं की सगळीकडे बदलतं. ड्रॉ डॉट आयओमध्ये प्रत्येक आकृतीत जाऊन हाताने.

तिसरी, अ‍ॅट्रिब्यूटचा क्लास करणं. आधी लेखक म्हणजे पुस्तकातलं एक नुसतं नाव होतं, आता लेखक वेगळा क्लास हवाय कारण एका पुस्तकाचे अनेक लेखक आणि एका लेखकाची अनेक पुस्तकं. हा बदल खऱ्या कामात सारखा येतो आणि फार थोड्या एडिटरमध्ये तो एका आज्ञेत होतो, बाकीच्यांत काढा, पुन्हा बनवा, जोडा.

चौथी, रिलेशनचा क्लास करणं. सभासद आणि प्रत थेट जोडलेले आहेत, आता नेल्याची तारीख आणि परतीची तारीख ठेवायचीय म्हणून मध्ये देवघेव आणा. आकृतीवाल्यांत इथे जुनी रेघ पुसून दोन नव्या काढाव्या लागतात, मल्टिप्लिसिटी (रेघेच्या टोकांवरचे "किती" सांगणारे आकडे) परत भराव्या लागतात, आणि शेवटी डबे हलवून जागा करावी लागते. वेळ कुठे गेला ते वेगळं नोंदवा: मॉडेल बदलण्यात की चित्र नीट लावण्यात. माझ्या मते हा एक आकडाच अख्ख्या तुलनेतला सगळ्यात बोलका आकडा असतो.

पाचवी, वरचा क्लास काढणं. नियतकालिकं पण ठेवायचीयत, तर पुस्तक आणि नियतकालिक यांचं सामायिक वर नेऊन "साहित्य" क्लास करा.

सहावी, डिलीट. "आरक्षण" पूर्णपणे काढून टाका, आणि तो मॉडेलमध्ये कुठेच उरला नाही याची खात्री करा. मघाशी म्हटलेली मेख इथे सापडते.

सातवी, वाचणं. काही बदलायचं नाही, फक्त उत्तर द्यायचं: एका प्रतीवर एका वेळी किती देवघेवी चालू असू शकतात? कोणता क्लास कशालाच जोडलेला नाही?

आठवी, मुद्दाम पेरलेल्या चुका शोधणं. उलटी मल्टिप्लिसिटी, स्वतःकडेच फिरून येणारा वारसा, दोनदा लिहिलेलं अ‍ॅट्रिब्यूट. काही एडिटर वारशाचा फेरा करूच देत नाहीत किंवा तपासणीत दाखवतात, काही बिनधास्त काढतात.

टीमसाठी टूल निवडत असाल तर नववी पण घ्या: दोघांनी एकाच मॉडेलमध्ये केलेले बदल गिटमध्ये एकत्र करणं. पॅपिरसच्या एका मॉडेलच्या मागे मॉडेल, आकृती असं सगळं मिळून एकाहून जास्त फायली असतात, सिरियसमध्येही आकृतीची माहिती वेगळ्या फायलीत जाते, आणि या सगळ्या एक्सएमआय (मॉडेल साठवायचा एक्सएमएल फॉरमॅट) प्रकारच्या फायली हाताने जुळवणं म्हणजे शिक्षा. ईएमएफ कंपेअर सारखं साधन त्यासाठीच आहे, तर ते द्यायचं की नाही हे आधी ठरवा.

सापळा: टास्कमध्ये एडिटरच्या मेन्यूतले शब्द वापरू नका. "असोसिएशन क्लास टाका" असं लिहिलं की ज्या टूलमध्ये त्याच नावाचं बटण आहे ते आपोआप जिंकतं. "या तारखा कुठे ठेवायच्या ते मॉडेलमध्ये दाखवा" असं लिहा.

५. माणसं बोलवण्याआधी स्वतः चालून बघा

दोन गोष्टी करा, दोन्ही फुकट आहेत.

एक, केएलएम, म्हणजे कीस्ट्रोक-लेव्हल मॉडेल, एकेका हालचालीचा वेळ जोडून कामाचा अंदाज काढायचा. कार्ड, मोरान आणि न्यूवेल यांनी १९८० मध्ये मांडलेली पद्धत आहे: एक कळ दाबायला सरासरी कुशल टायपिस्टला ०.२ सेकंद, माऊसने एखाद्या जागी नेम धरायला १.१, हात कीबोर्डवरून माऊसवर न्यायला ०.४, आणि मनात ठरवायला १.३५ सेकंद. आता एक अ‍ॅट्रिब्यूट टाकायला तुमच्या एडिटरमध्ये चार वेळा नेम धरून क्लिक आणि दोन वेळा हात हलवणं लागत असेल, तर चार गुणिले १.३ (नेमाचे १.१ आणि क्लिकचे ०.२) म्हणजे ५.२ अधिक ०.८, नाव टाइप करायच्या आधीच सहा सेकंद गेले, आणि यात विचार धरलेलाच नाही. तीस अ‍ॅट्रिब्यूटचे तीन मिनिटं. पण लक्षात ठेवा, हे सरावलेल्या आणि न चुकणाऱ्या माणसाचं गणित आहे, नवख्याचं नाही.

दोन, थॉमस ग्रीन यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली कॉग्निटिव्ह डायमेन्शन्स. नाव भारदस्त आहे पण प्रश्न साधे आहेत. एक छोटा बदल करायला किती ठिकाणी हात लावावा लागतो? महत्त्वाचे संबंध कुठे लपलेत का? नको तेव्हा आधीच निर्णय घ्यायला लावतं का, म्हणजे क्लास बनवतानाच पॅकेज, टाइप, व्हिजिबिलिटी सगळं विचारणारा डायलॉग? अर्धवट मॉडेल चालतं का? हे प्रत्येक एडिटरला लावून एकेक पान लिहा. पुढे आकडे आले की त्यांचं कारण याच पानात सापडतं.

६. माणसं कोण आणि किती

"पाच जण पुरतात" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांचं गणित आहे: एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो असं धरलं तर पाच जण मिळून साधारण ८५ टक्के. पण ते एका टूलमधल्या अडचणी शोधण्यासाठी आहे. दोन टूल्सचे आकडे तोलायला पाच जण पुरत नाहीत, आणि हे मत नाही, सरळ गणित आहे: प्रत्येकाने दोन्ही एडिटर वापरले आणि तुम्ही विल्कॉक्सन साइन्ड-रँक ही जोडीजोडीने फरक तोलणारी संख्याशास्त्रीय चाचणी लावली, तर पाच जणांमध्ये पाचही एकाच बाजूला गेले तरी दोन्ही बाजूंचा पी (खरा फरक नसतानाही योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०६२५ च्या खाली जाऊच शकत नाही. सहा जणांपासून ०.०५ या नेहमीच्या मर्यादेच्या खाली जायची निदान शक्यता तरी येते. बारा ते सोळा जण मिळाले तर छान.

लोक निवडताना दोन अनुभव वेगवेगळे विचारा: यूएमएल किती येतं, आणि हे टूल किती वापरलंय. हे दोन मिसळले की निकाल गेला. इकोरमध्ये रेफरन्स (तिथलं रिलेशन) एकाच दिशेचा असतो, दोन्ही बाजू हव्या असतील तर दोन रेफरन्स बनवून ते एकमेकांचे विरुद्ध म्हणून जोडावे लागतात, आणि "कितीही" साठी वरची मर्यादा उणे एक लिहावी लागते. हे माहीत नसलेला माणूस दहा मिनिटं अडकतो, आणि त्यात एडिटरचा दोष किती, त्यामागच्या संकल्पनेचा किती, हे तुम्हाला नंतर सांगता आलं पाहिजे.

माऊस वापरू न शकणारे किंवा स्क्रीन रीडर वापरणारे सहकारी असतील तर त्यांना आवर्जून बोलवा. आकृतीवाल्यांतला मोठा भाग ओढण्यावर चालतो, आणि हे फीचर्सच्या तक्त्यात कोणीच लिहीत नाही.

७. क्रम आणि सराव

प्रत्येकाने दोन्ही एडिटर वापरले की दुसऱ्यांदा काम सोपं जातं, कारण डोमेन आता ओळखीचं झालेलं असतं. म्हणून दोन डोमेन. दोन एडिटर, दोन डोमेन, दोन क्रम मिळून चार गट होतात: निम्मे लोक आधी पहिला एडिटर, निम्मे आधी दुसरा, आणि त्यातही डोमेन आलटून पालटून. म्हणजे माणसं चारच्या पटीत घ्या. तीन एडिटर असतील तर सहा क्रम होतात, आणि माणूस थकतो तो वेगळाच, म्हणून मी दोनच सुचवते.

सराव सगळ्यांना सारखा द्या: दहा मिनिटांचा एकच व्हिडिओ-डेमो आणि पाच मिनिटं स्वतः हात मारणं, तिसऱ्याच एका डोमेनवर. डेमो तुम्ही प्रत्यक्ष देऊ नका, आवडत्या टूलबद्दल बोलताना आवाज बदलतो हो, समोरच्याला कळतं. सेटिंग्ज डिफॉल्ट ठेवा, खिडकीचा आकार आणि फाँट सारखा ठेवा, आणि टेक्स्टवाल्यांसाठी लाइव्ह प्रीव्ह्यू चालू ठेवायचा की नाही हे ठरवून लिहून टाका, कारण त्याने खूप फरक पडतो.

एका माणसावर आधी पायलट, म्हणजे रंगीत तालीम, घ्या. टास्कमधल्या अर्ध्या चुका तिथेच निघतात.

८. सेशन

सुरुवातीलाच सांगा की परीक्षा टूलची आहे, तुमची नाही. संमतीपत्रावर सही, रेकॉर्डिंग चालू, टास्क एकेक करून कागदावर. प्रत्येक टास्कला वेळेची मर्यादा ठेवा, समजा दहा मिनिटं, आणि ती सगळ्यांना सारखी.

मोठ्याने विचार करायला लावायचं का? वेळ मोजत असाल तर नको, बोलण्याने काम हळू होतं आणि कधी कधी उलट विचार सुधारतोही. त्यापेक्षा नंतर रेकॉर्डिंग दाखवून विचारा की इथे थांबलात तेव्हा काय शोधत होता. फक्त अडचणी शोधायच्या असतील, आकडे नकोच असतील, तर मात्र बोलू द्या, सोनं मिळतं त्यातून.

आणि मदत करू नका. समोरचा बारा सेकंद चुकीच्या मेन्यूत फिरतोय आणि तुम्हाला उत्तर माहितीये, जीव जातो, तरी गप्प बसा.

९. काय मोजायचं

बरोबर किती झालं: उत्तरपत्रिकेतला प्रत्येक मुद्दा तपासून बरोबर, चुकलेला, राहिलेला, जास्तीचा असं मांडा. तपासणाऱ्याला मॉडेल कोणत्या एडिटरचं आहे ते कळू नये, म्हणून सगळी मॉडेल्स आधी एकाच साध्या तक्त्यात उतरवून घ्या आणि दोघांनी वेगवेगळं तपासा.

वेळ: टास्कचा एकूण, आणि त्यात मांडणी सावरण्यात गेलेला वेगळा. रेकॉर्डिंग बघून काढावा लागतो, कंटाळवाणं काम आहे पण टाळू नका.

अनडू किती वेळा केलं, किती वेळा डिलीट करून पुन्हा बनवलं, हेही मोजा.

समाधान: जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये बनवलेली एसयूएस प्रश्नावली, दहा वाक्यं, प्रत्येकाला १ ते ५. एडिटर वापरून झाला की लगेच भरून घ्या, गप्पा मारण्याआधी. हिशोब असा: विषम क्रमांकाच्या उत्तरातून १ वजा करा, सम क्रमांकाचं उत्तर ५ मधून वजा करा, सगळ्यांची बेरीज करून २.५ ने गुणा. समजा उत्तरं आली ४, २, ५, १, ४, २, ४, ३, ४, २. विषम वाक्यांचे ३, ४, ३, ३, ३ म्हणजे १६, समचे ३, ४, ३, २, ३ म्हणजे १५, बेरीज ३१, गुणिले २.५ म्हणजे ७७.५. ही टक्केवारी नाही! शंभरपैकी असते म्हणून सगळे तसंच वाचतात. सरासरी ६८ च्या आसपास मानतात, म्हणजे ६८ म्हणजे फर्स्ट क्लास नव्हे, मधलं. सम वाक्यं मुद्दाम नकारात्मक असतात, घाईत लोक उलटं भरतात, तर फॉर्म परत घेताना एक नजर टाका आणि शंका आली तर विचारा.

डोक्यावर किती ताण आला ते हवं असेल तर नासा-टीएलएक्स आहे, सहा पट्ट्या असतात. मात्र प्रत्येक टास्कनंतर तो भरायला लावलात तर ताण त्यानेच येईल.

१०. आकडे वाचताना

वेळेची साधी सरासरी काढू नका, एक जण अडकला की सगळी सरासरी वर जाते. मध्यक घ्या किंवा भूमितीय सरासरी (जिऑमेट्रिक मीन). वेळ संपल्यामुळे अपुऱ्या राहिलेल्या टास्कचे दहा मिनिटं इतरांच्या वेळेत मिसळू नका, किती जणांचं पूर्ण झालं ते वेगळं द्या. नाहीतर असं दिसतं की एडिटर वेगवान आहे, आणि खरं म्हणजे त्यात फक्त हुशार लोकच शेवटपर्यंत पोचलेले असतात.

प्रत्येक माणसाचा स्वतःशीच फरक काढा, एका एडिटरमधला वेळ वजा दुसऱ्यातला, आणि ते फरक ठिपक्यांनी काढून नुसते डोळ्यांनी बघा. चाचणी त्यानंतर.

आणि टास्कनिहाय बघा, सगळं एकत्र नाही. नाव बदलण्यात एक जिंकतो, वाचण्यात दुसरा, एकत्र केलं की दोन्ही सारखे दिसतात आणि तुम्ही "काही फरक नाही" असं लिहून मोकळे होता. टेक्स्टवाला वेगात पुढे आणि अचूकतेत मागे असं आलं तर टायपोवाल्या भुताटकी क्लासेसकडे बघा, कारण बऱ्याचदा तिथेच असतं.

११. लिहून देताना

पहिल्याच परिच्छेदात कोण लोक, किती, कोणती व्हर्जन्स, किती क्लासचं मॉडेल हे लिहा. पंधरा क्लासच्या मॉडेलवरचा निकाल दोनशे क्लासला लागू होत नाही, आणि मोठ्या मॉडेलमध्ये आपोआप मांडणी करणारे एडिटर वेगळेच वागतात, तर तसा दावा करू नका. निकाल "अमुक कामाला हा, तमुक कामाला तो" असा आला तर तसाच द्या. कधी कधी उत्तर असं येतं की लिहायला टेक्स्ट ठेवा आणि डोमेन एक्सपर्टना दाखवायला त्यातून आकृती काढा, आणि हे उत्तर मिळालं तर लोक नाराज होतात कारण त्यांना एकच नाव हवं असतं. होऊ द्या.

टास्कची पानं, सुरुवातीची मॉडेल्स, उत्तरपत्रिका आणि नावं काढलेली कच्ची स्प्रेडशीट सोबत जोडा, म्हणजे पुढचं व्हर्जन आलं की कोणीतरी तेवढ्याच दोन-तीन टास्क पुन्हा चालवून बघू शकेल. वरिष्ठांना पटवायचं असेल तर तक्त्यांपेक्षा वीस-तीस सेकंदांच्या क्लिप जास्त काम करतात, एखादा अनुभवी डेव्हलपर डिलीट केलेला क्लास झाडात अजून दिसतोय म्हणून शोधत बसलाय अशी. फक्त क्लिपमध्ये चेहरा, आवाज, नाव येत नाही ना ते बघा, आणि संमतीपत्रात क्लिप दाखवण्याची ओळ नसेल तर दाखवू नका, त्याऐवजी स्क्रीनशॉट लावा आणि बाजूला किती वेळ गेला तो आकडा लिहा.